खाऱ्या दूर्वा

कौसल्येच्या आमटीत मीठ किती पडलंय, हे तिला सोडून साऱ्या चाळीला ठाऊक असायचं.

काळाचौकीच्या त्या चाळीत जिन्याला लागून तिची खोली. गिरणीत कामाला असलेले गावाकडचे चार-पाच गडी तिच्याकडे जेवायला असत. भांडं चुलीवरून उतरवलं की वाटीच्या बुडाशी थोडी आमटी घेऊन ती शेजारच्या गंगूबाईच्या दारात जाऊन उभी राहायची.

“चाखता का हो जरा?”

गंगूबाई थेंब जिभेवर टाकायची, डोळे मिटायची आणि हायकोर्टातल्या जज्जासारखा निकाल द्यायची. “घाल अजून चिमूट.” आता मिसरी लावून लावून गंगूबाईच्या जिभेची पार वाट लागलेली. सकाळी जे तिला अळणी लागे ते संध्याकाळी खारट लागे. पण कौसल्येला दुसरा आधार नव्हता. तिनं स्वतः मीठ सोडलं होतं.

दसरा झाला आणि तिच्या नवऱ्याला, दत्तारामला, गिरणीतल्या साच्यावर उभ्याउभ्या खोकल्यातून रक्त पडलं. त्याला शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात भरती केलं, त्या दिवशी घरी आल्यावर तिनं देवापुढे हात जोडले. “ह्यांना बरं कर. ते बरे होऊन उंबऱ्याच्या आत येईपर्यंत मीठ जिभेला लावणार नाही.” लोक आठवड्यातला एखादा वार अळणी करतात. तिनं सगळे वार देवाला देऊन टाकले.

बाकीचं तिचं रोजचं होतंच. पहाटे नळाला गर्दी व्हायच्या आत आंघोळ. मग आईनं लग्नात दिलेल्या पितळी गणपतीची पूजा. लालबागच्या बाजारातून आदल्या संध्याकाळी आणून ओल्या फडक्यात ठेवलेल्या एकवीस दूर्वा. तिच्या आजोळची रीत अशी, की वाहिलेल्या दूर्वांतली एक काडी चावायची आणि मगच दिवसाचं पहिलं पाणी घशाखाली उतरवायचं. उरलेल्यांतली एक जुडी पदराच्या गाठीत बांधून ती दुपारी चारला इस्पितळात घेऊन जायची आणि दत्तारामच्या उशाखाली सरकवायची.

दत्ताराम काही म्हणत नसे. तो आताशा काहीच म्हणत नसे.

दिवाळीच्या सुमाराला मात्र एकदा बोलला होता. कौसल्या उशी ठीक करत होती, तिचा हात धरून म्हणाला, “मला गावाला ने गो.”

“नेऊ की. बरे व्हा, मग शिमग्याला जाऊ जोडीनं.”

“शिमग्याला नाय. आत्ता. बांधावर नेऊन बसव मला. एवढंच कर.”

“तिन्हीसांजेचं असं अभद्र बोलू नये,” ती म्हणाली आणि पटकन उठून डबा विसळायला गेली. परत आली तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड केलं होतं. त्यानंतर त्यानं काही मागितलं नाही. ‘जेवलात?’ ‘हं.’ ‘खोकला?’ ‘हाय तसाच.’ एवढ्यावर भेटीची वेळ सरायची. कौसल्येला वाटे, रोगानं बोलणं खाल्लं माणसाचं. पण शेजारच्या खाटेवरच्या अप्पांशी तो बोलताना तिनं दारातून दोनदा ऐकलं होतं, आणि ती आत आली की तो गप्प झाला होता.

संक्रांतीच्या आधी डॉक्टरांनी तिला वऱ्हांड्यात बोलावलं. भला माणूस. हळू आवाजात म्हणाले, “बाई, औषध आम्ही देतोय, देत राहू. पण दोन्ही बाजू गेल्यात. गावी न्यायचं मनात असेल तर आता न्या, पुढे प्रवास झेपायचा नाही. इथंच ठेवायचं तरी आमची ना नाही. ठरवा आणि सांगा.”

तिनं मान हलवली. कुणालाच काही सांगितलं नाही, दत्तारामला तर नाहीच. न्यायचं म्हणजे देवावरचा भरवसा आपणच काढून घ्यायचा. इतके दिवस एका कणानं व्रत मोडलं नाही, आणि आता आपणच म्हणायचं, की चला, राहू दे? देवाला काय वाटेल? ती रोज पहाटे गणपतीकडे बघे आणि मनात म्हणे, तू सांग. तू काहीतरी सांगितलंस तर नेईन.

आणि त्याच आठवड्यात मुंबई पेटली.

मुंबई महाराष्ट्राला नाही, असं रेडिओवरून जाहीर झालं. घटकेत गिरण्यांचे भोंगे थांबले, दुकानांच्या फळ्या लागल्या. चाळीच्या गॅलऱ्यांतून माणसं खाली ओतली गेली. ‘मुंबई आमची’ची आरोळी लालबागकडून उठायची आणि परळकडून तिला उत्तर यायचं. कौसल्येकडे जेवणारे गडी सकाळचे गेले ते रात्री घसा बसवून परत आले. गंगूबाईचा नवरा शामराव डोळे लालबुंद करून आला. अश्रुधूर लागला होता.

“डोळे धुवा आधी,” गंगूबाई ओरडली.

“धुतो गं. ह्या डोळ्यांनी महाराष्ट्र बघायचाय.”

“आधी जिना बघा. कालपासून दोनदा पडलात.”

गॅलरीभर हशा झाला. त्या दिवसांत चाळ एका घरासारखी झाली होती. कुणाच्या चुलीवर कुणाचाही चहा, कुणाच्याही दारात कुणाचंही पोर. हळदीकुंकवं राहून गेली होती, पण तिळगुळाचे डबे जिन्यातच उघडून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर पडत होते. कौसल्या दाराला टेकून हे सगळं बघायची. तिच्याशी कुणी वाकडं वागत नव्हतं. उलट सगळे जास्तच जपून, आवाज खाली आणून बोलत, ‘दत्तारामचं कसं काय?’ आणि तिनं ‘हाय तसंच’ म्हटलं, की पुन्हा त्यांचा आवाज वर जाई. सारी मुंबई एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका दिशेला चालली होती, आणि ही एकटी डबा घेऊन उलटी, शिवडीकडे.

पौषातली विनायकी चतुर्थी उजाडली ती दूर्वांशिवाय.

बाजार बंद. फुलवाली आदल्या दिवशीपासून फिरकली नव्हती. मैदानाच्या कडेला थोडी हरळी असायची, तिथं पोलिसांनी तंबू ठोकलेले. कौसल्येनं आंघोळ केली, रिकामं ताम्हन देवापुढे ठेवलं आणि बसून राहिली. आज चतुर्थी, आणि आजच खंड?  मग ती उठली, भात-आमटीचा डबा भरला आणि पाण्याचा थेंबही न घेता बाहेर पडली. वाटेत कुठंतरी चार काड्या मिळतील.

“अगं, कर्फ्यू हाय तिकडे,” गंगूबाई म्हणाली.

“डबा आहे माझ्याकडे. डब्याला कोण अडवतंय?”

खरंच कुणी अडवलं नाही. नाक्यावर एका शिपायानं झाकण उघडायला लावलं, वास घेतला आणि हात हलवला. इस्पितळाचं फाटक मात्र बंद होतं. आयाबाई रमाबाई आतून आली, डबा घेतला. “चारलाच सोडणार. तोवर इथं थांबू नका, दगडफेक चाललीय मागच्या रस्त्याला.” आवारात हिरवळीचा एक तुकडा दिसत होता, पण तिथं रोगी बसायचे, थुंकायचे. तिथलं देवाला कसं चालणार?

आल्या वाटेनं परतायची सोय नव्हती. म्हणून ती रूळ ओलांडून बंदराच्या अंगाला गेली. तिकडे कधी गेली नव्हती. वखारी मागे पडल्या आणि एकाएकी सगळं उघडं झालं. ओहोटी लागलेली. लांबवर चिखलच चिखल, त्यात तिवरांची झुडपं, एक मोडकी होडी कुशीवर पडलेली. आरोळ्या इथवर पोचत नव्हत्या. वाऱ्याचा आवाज होता, आणि चिखलात बुडबुडे फुटल्याचा. माणूस म्हणून एक नाही. इतकं मोकळं आणि इतकं निर्जन तिनं मुंबईत पाहिलं नव्हतं.

आणि तिथंच, भरतीची रेघ जिथं संपते त्या काठावर, जमिनीला चिकटून पसरलेल्या दूर्वा. लांबच लांब तंतू, पेरापेराला मुळ्या धरलेल्या, बारीक टोकदार पाती. कौसल्येनं हातच जोडले. खुडताना पाती बोटांना टोचली. एरवीच्या दूर्वांपेक्षा ती ताठर होती, जराशी निळसर, आणि उन्हात अंगावर काहीतरी चकचकत होतं. दव असेल, तिनं मनाशी म्हटलं. ती कोकणातलीच, पण देवरुखच्या अंगाची, डोंगरातली. लग्न झालं आणि चार दिवस सासर बघून ती मुंबईला आली. खाडीची जमीन तिनं धड पाहिली नव्हती. आणि उपाशी, घाईतल्या माणसाला देवाचं गवत दिसलं तर तो कशाला शंका काढत बसेल?

लांबच्या गल्ल्यांतून वळसे घेत घरी आली. एकवीस मोजून वाहिल्या. धुतल्या नाहीत. दूर्वा धुवायच्या असतात हे त्या दिवशी ती विसरली, एवढा उशीर झाला होता. गणपती हिरवागार दिसत होता. तिनं डोळे मिटले, एक काडी उचलली आणि दाताखाली धरली.

खारट.

तिनं डोळे उघडले. पुन्हा जीभ फिरवली. खारटच. नुसती चव लागावी तसं नाही, चिमूटभर मीठ जिभेवर सोडावं तसं. दसऱ्यापासून जिभेनं मीठ पाहिलं नव्हतं. ती चव तिच्या साऱ्या तोंडात धावली, गालांतून पाणी सुटलं, आणि लाज वाटावी इतकं ते गोड लागलं.

ती उठून मोरीत गेली, थुंकली, चुळा भरल्या. मग तिथंच ओल्या जमिनीवर बसली. देवानं ह्यांना हातातून सोडलं. माझ्याच हातानं सोडवलं. खाली शामराव कुणालातरी मोठ्यानं हाका मारत होता, पोरं घोषणा देत पळत होती. ती मोरीत बसून तोंडात पदर घालून रडली. कुणाला ऐकू जायची भीती नव्हतीच.

चारला ती इस्पितळात पोचली. आज गाठीत काही न्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण निघताना रोजच्या सवयीनं हातानं गाठ बांधलीच होती.

दत्ताराम उताणा पडला होता. डबा जवळजवळ तसाच. तिनं विचारलं, “जेवला नाहीत?”

“खारट झालंय.”

“बरं.” ती स्टुलावर बसली. हात मांडीवर. उशीकडे गेले नाहीत.

त्यानं मान वळवली. “आज दूर्वा नाय?”

ती दचकली. त्याच्या लक्षात असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. “बाजार बंद आहे,” ती म्हणाली.

“मग पदराला काय बांधलंय?”

तिनं गाठ सोडली. जुडी दिवसभरात जरा कोमेजली होती. त्यानं हात पुढे केला, घेतली, डोळ्यांजवळ धरली. पेरं चाचपली. नाकाशी नेली. आणि कौसल्येला काही बोलायला सुचायच्या आत त्यानं एक पात जिभेवरून ओढली.

त्याचा चेहरा हलला. आधी ओठ, मग गाल, मग सगळाच. तो हसत होता. हसता हसता खोकला आला, खोकला गेला, तरी हसतच होता.

“अगो, ह्या कसल्या दूर्वा? ही खारी! आमच्या बांधावरची खारी! कुठनं आणलीस?”

“मागं... खाडीवरून.”

“अप्पा, ओ अप्पा! हे बघा. ह्या बाईनं गणपतीला खारी वाहिली!”

शेजारचे अप्पा उठून बसले. “काय ते?”

आणि दत्ताराम बोलायला लागला. कौसल्येनं त्याला इतकं बोलताना लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. थांबत, दम खात, पण बोलत राहिला. त्यांच्या गावी खाडी भातशेतीच्या उरावर बसलेली. मध्ये चिखलाचा बांध. उघड्या चिखलाला उधाण एका रात्रीत खाऊन टाकतं. म्हणून बांध घातला की त्याचा बापूस ओटीत खारीचे ठोंब घेऊन पुढे चालायचा आणि पोरं मागून टाचांनी ते चिखलात दाबत जायची. वर्षभरात खारी सगळा बांध विणून काढायची. “तिच्या मुळ्या सोडत नाय मातीला. दर्या डोक्यावरनं जातो, तरी नाय.” गुरांमागे असताना भूक लागली की पोरं ही पात चाटायची. सकाळच्या उन्हात बांध कसा चमकायचा. “खारं पाणी पिऊन जगते ती. पण मीठ आत ठेवत नाय. सगळं पानावर आणून टाकते. आत ठेवलं तर मरंल ना.”

तो थांबला तेव्हा कौसल्या रडत होती.

“आता काय झालं?”

“माझं व्रत मोडलं. काडी चावली मी. मीठ लागलं तोंडाला.”

“कसलं व्रत?”

 अप्पांनीच तोंड घातलं. “अहो दत्ताराम, तुमच्या बायकोनं मीठ सोडलंय तुमच्यासाठी. दसऱ्यापासून. आयाबाईंपासून सगळ्या वॉर्डाला माहीत आहे, तुम्हालाच नाही?”

दत्ताराम तिच्याकडे बघत राहिला. “म्हणून आमटी एक दिवस दर्या नि एक दिवस विहीर,” तो पुटपुटला. “मी म्हणायचो, हिचं लक्ष नाय आता माझ्यात.”

“गंगूबाई चाखून देतात,” ती हुंदक्यातून म्हणाली.

“ती मिसरीवाली? धन्य!” अप्पा म्हणाले, आणि हसू आवरत पुढे बोलले, “बाई, तुमचं काही मोडलं नाही. मीठ कुठून आलं तोंडात? देवाच्या अंगावरून ना? मग पारणं झालं म्हणा. त्यानंच फेडलं.”

कौसल्येनं वर पाहिलं. तिला पटलं की नाही, हे तिलाच कळेना. दत्ताराम मात्र आता हसत नव्हता. जुडी मुठीत धरून छताकडे बघत होता.

“मीठ सोड म्हणून मी नव्हतं सांगितलं,” तो हळू म्हणाला. “एक मागितलं होतं, ते नाय दिलंस.”

वॉर्डात कुणीतरी खोकलं. बाहेर, लांब, एक आवाज झाला. फटाका की गोळी, कळलं नाही.

कौसल्येनं डोळे पुसले. तिला तो वऱ्हांडा आठवला, डॉक्टरांचा हळू आवाज आठवला, आणि रोज पहाटे आपण देवाला काय विचारत होतो ते आठवलं. तू काहीतरी सांग. तिच्या जिभेवर अजून खारटपणा होता. इतक्या चुळा भरूनही गेला नव्हता.

“डॉक्टर म्हणालेत, नेलं तर चालेल,” ती म्हणाली. “संक्रांतीच्या आधीच म्हणालेत. मी सांगितलं नाही तुम्हाला.” मग त्याच्या मुठीवर हात ठेवून, “नेते. बोट सुटली की नेते.”

बोट मात्र सुटेना. भाऊच्या धक्क्यावर शामराव रोज खेप घालून यायचा आणि मान हलवायचा. शहर अजून धगधगत होतं. कौसल्या रोज खाडीवर जाऊन खारी खुडायची आणि उशाशी ठेवायची. देवापुढे ताम्हन रिकामं असायचं, ती नुसता नमस्कार करायची. दत्ताराम त्या दिवसांत बोलायचा, पण आवाज रोज पातळ होत चालला होता. ‘सुटली काय?’ हे त्याचं पहिलं वाक्य. ती आत पाऊल टाकायच्या आधी त्याचे डोळे दाराशी आलेले असत. एकदा तो काही विचारण्याआधीच झोपून गेला, आणि ती वेळ संपेपर्यंत त्याच्या छातीकडे बघत बसली, हलतेय ना म्हणून. ह्या बंदात, मोर्च्यात, आरोळ्यांत कुणाचं काय अडलं होतं आणि तिचं काय! आठवड्यापूर्वी नेलं असतं तर आज तो बांधावर असता. हे तिला कुणी बोललं नाही. तिचं तिलाच रात्रंदिवस ऐकू येत होतं.

अखेर एका सकाळी शामराव जिन्यातूनच ओरडला, “बोट सुटतेय!”

टॅक्सी मिळेना. शामरावानं कुठूनशी हातगाडी आणली. वर गादी, गादीवर दत्ताराम, डोक्यावर गंगूबाईच्या लुगड्याची सावली. तिच्याकडे जेवणारे गडी आळीपाळीनं ओढत होते. फाटकाशी अप्पा आले होते, हात जोडून म्हणाले, “दत्ताराम, बांधाला आमचा रामराम सांगा.” वाटेत एका घोळक्यानं हातगाडी पाहिली, आणि कुणी जखमी आहे असं समजून बाजूला होत घोषणा दिली. दत्तारामनं दोन बोटं वर केली. “ह्यांना वाटतंय मी गोळी खाल्ली,” तो म्हणाला. त्याला ते आवडलं होतं.

धक्क्यावर गंगूबाईनं फडक्यात बांधलेली शिदोरी कौसल्येच्या हातात दिली. आणि नाक पुसत उभी राहिली.

बोट बंदराबाहेर आली, वारा बदलला. दत्तारामला तिनं गाठोड्याला टेकवून बसवलं होतं. दुपारी तिनं शिदोरी सोडली. भाकरी आणि लसणीची चटणी. तिनं स्वतःसाठी कोरडी भाकरी वेगळी काढली, तसा त्यानं चटणीच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडापुढे धरला. 

“खा.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. तो बरा होऊन आपल्या उंबऱ्याच्या आत यायचा नव्हता. हे तिनं त्या क्षणी पहिल्यांदा मनात पुरतं म्हटलं. देवा, मी मागितलं ते तुझ्याकडे नव्हतं. ह्यांनी मागितलं ते माझ्याकडे होतं. तिनं तोंड उघडलं. जिभेला आग लागल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट लागलं?”

“नाही,” ती म्हणाली. “मीठ बरोबर पडलंय.”

तो बांधावर बसला. पाच-सहा सकाळी दिरानं त्याला उचलून नेलं आणि कौसल्येनं पाठीमागे बसून त्याला स्वतःच्या अंगाला टेकवून धरलं. ऊन वर आलं की बांध खरंच चमकायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो बोलत नसे, पण ते इस्पितळातलं न बोलणं नव्हतं. मग त्याला बाहेर नेणं झेपेनासं झालं. शिमग्याची सोंगं दारात आली तेव्हा घर सुतकात होतं.

जाऊ म्हणाली, राहा इथंच. कौसल्या थोडे दिवस राहिली. पण ते दत्तारामचं गाव होतं, तिचं नव्हतं. तिची माणसं म्हणजे नुसत्या खोलीच्या भिंती होत्या, पण होत्या. ती परत आली ती डालड्याच्या डब्यात खारीचा एक ठोंब घेऊन.

चाळ तीच होती. गडी पुन्हा जेवायला येऊ लागले. आमटी आता ती स्वतःच चाखायची. मीठ रोज बेतशीर असायचं, त्यामुळे कुणी त्याबद्दल काही बोलत नसे. वाटी घेऊन गंगूबाईच्या दारात जायचं कारण संपलं होतं. गंगूबाई कधीमधी म्हणायची, “विसरलीस होय गं आम्हाला?” आणि कौसल्या हसायची. दुपारी चारला तिचे हात उगीचच डबा शोधत.

फुलवाली पुन्हा बसू लागली. देवाला गोड्या पाण्याच्या, खऱ्या दूर्वा मिळू लागल्या. खारीचा डबा गॅलरीच्या कठड्यावर असायचा. नळाचं पाणी पिऊन ती चांगली माजली, डब्याबाहेर लोंबली, पाती मऊ झाली. शेजारणी म्हणत, काय सुरेख दूर्वा लागल्यात हो. एका सकाळी पूजा आटोपून कौसल्येनं सहज एक पात जिभेवरून ओढली.

काहीच नाही. नुसतं गवत.

तिनं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. ती खूप वेळ कठड्याशी उभी राहिली. मग आत गेली, फडताळातली मिठाची बरणी काढली, तांब्याभर पाण्यात एक चिमूट सोडली, ढवळली आणि डब्यात ओतली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. आठवडा उलटला तसं उन्हात पातीवर पुन्हा काहीतरी चकाकलं.

मग ते रोजचंच झालं. आधी देवाला दूर्वा, मग खारीला मीठ.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी साऱ्या चाळीनं कठड्यावर पणत्या लावल्या. शामरावानं चार वर्षं जपून ठेवलेलं नवं धोतर नेसलं. गंगूबाई पणत्या मांडत कौसल्येच्या दारापर्यंत आली आणि डब्याशी थांबली.

“हा जरा आत घे ना. पणतीला जागा होईल.”

“राहू दे इथंच,” कौसल्या म्हणाली. “दोन्ही मावतील.”

तिनं डबा चार बोटं सरकवला. गंगूबाईनं शेजारी पणती ठेवली आणि हाका आल्या तशी खाली पळाली. सगळेच खाली गेले. ढोल सुरू झाले. कौसल्या कठड्याला हात टेकून उभी राहिली. मग तिला आठवलं, आज सकाळच्या गडबडीत राहूनच गेलं होतं. ती आत गेली आणि तिनं मिठाची बरणी काढली.